आमची वाटचाल : सौंदत्तीपासून फुकेतपर्यंत

२००९ साली टूरचा धंदा चालू केला तेव्हा आमच्याकडे एक सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर आणि बेळगावच्या शहापुरात मेव्हण्याच्या झेरॉक्स दुकानातलं अर्धं टेबल, एवढंच होतं. सौंदत्ती, पंढरपूर, जोतिबा, फार तर गोवा. फॉरेन डोक्यात पण नव्हतं वो, पासपोर्ट काढायचा तर हुबळी गाठायची, निम्मी गिऱ्हाईकं तिथंच गार व्हायची.

म्हणून पहिलं फॉरेन नेपाळ. व्हिसा नको, पासपोर्ट नसला तरी मतदान कार्ड चालतं. २०१४ ला १९ जण नेले, पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, सगळे खूश. पुढच्या मेचं बुकिंग फुल्ल आणि २५ एप्रिल २०१५ ला भूकंप, ७.८ चा. आमचं कोणी तिथं नव्हतं, देवाची कृपा. त्यातून काय शिकलो म्हणाल तर काहीच नाही, भूकंप काय सांगून येतोय? पैसे परत दिले, विषय संपला.

डोळे उघडले ते श्रीलंकेनं. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार, कोलंबो, निगोंबो, बट्टिकलोआ इथली चर्च आणि कोलंबोतली मोठी हॉटेलं यांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. आमचा २४ जणांचा ग्रुप तीन आठवड्यांनी निघणार होता आणि पहिला मुक्काम निगोंबोलाच, एअरपोर्ट जवळ पडतं म्हणून. आठवड्याभरात तिकडून फोन, निम्म्या रेटमध्ये देतो या. इकडं निम्मे लोक कॅन्सल म्हणायलेत आणि निम्मे म्हणतात आता गर्दी नाही, स्वस्तात होतंय, चला की. निपाणीचे एक काका तर माझ्याशी भांडलेच, "अरे आता तिथं पावलापावलाला पोलीस असणार, याच्यासारखं सेफ कधी मिळणार?" खरं सांगतो, मला ते पटायला लागलं होतं, ॲडव्हान्स अडकलेला होता ना. हिशेब आमची बायको बघते, तिनं एवढंच विचारलं, "कर्फ्यू लागला तर २४ माणसं घेऊन एअरपोर्टला कसे पोचणार तुम्ही?" उत्तर नव्हतं. तिकडं रात्रीचा कर्फ्यू लागतच होता, व्हॉट्सॲपसुद्धा बंद केलं होतं, म्हणजे घरच्यांना कळवणार तरी कसं. कॅन्सल केलं. दीड लाख बुडाले, काका वर्षभर बोलले नाहीत. पण तेव्हापासून कुठलाही देश निघाला की आधी परत यायचे रस्ते मोजतो, फोटो नंतर.

कोविडची दोन वर्षं विचारूच नका, ट्रॅव्हलर विकली आणि कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईची, पार्सलं पाठवली.

मग नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं आपल्याला व्हिसा माफ केला आणि फोन थांबेना. लोक काय विचारतात, तिकडं बॉम्ब-बिम्ब नाही ना, चोऱ्या होतात का, व्हेज मिळतंय का. समुद्राबद्दल कोणी विचारत नाही! फुकेतच्या पश्चिम किनाऱ्याला मे ते ऑक्टोबर पावसाळी लाटा, बीचवर लाल झेंडा, आणि आपली सुट्टी नेमकी मे महिन्यात. २०२४ ला आमच्याच ग्रुपमधला एक पोरगा गुडघाभर पाण्यात उभा होता, खालून पाणी ओढून घेऊन गेलं, लाइफगार्डनं काढला म्हणून बरं. चूक आमची होती, प्रोग्राममध्ये 'दुपारी बीच टाइम' आम्हीच छापलं होतं. आता मेमध्ये समुद्र पाहिजेच म्हणणाऱ्याला थायलंडचंच दुसऱ्या किनाऱ्याचं कोह सामुई बेट सांगतो, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. फुकेत जानेवारीत.

दुसरं भांडण स्कूटरचं. भाड्यानं कोणी पण देतंय तिकडं, लायसन बघत पण नाहीत, पण पडलात आणि तिथं चालणारं लायसन नसलं की इन्शुरन्सवाला हात वर करतो. आपल्याकडचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तर व्हिएतनामला चालतच नाही.

आणि आता सगळ्यांना व्हिएतनामच पाहिजे, ते पण दिवाळीच्या सुट्टीत. तिथल्या होई आन गावाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर पाणी येतं, रील्समध्ये कंदील दिसतात ते बोटीतून बघायची पाळी. मार्चचं ठेवलंय. त्यामुळे शाळेची पोरंवाली तीन घरं गळली, ती दुसऱ्याकडून दिवाळीतच जाणार आहेत. जाऊ देत. व्हिएतनामच्याच 'हा लाँग' खाडीतली क्रूझ आहे, पण जुलै २०२५ ला तिथं वादळात टुरिस्टांची बोट उलटली तेव्हापासून हवेचा इशारा असला की बोट रद्द, पैसे परत, असं बुकिंगच्या कागदावरच लिहून सही घेतो. १७ नावं आलीत. त्यातल्या दोघांना स्कूटर पाहिजे, नाही म्हणून सांगितलंय, बघू येतात काय.