लव, कुसळं आणि कंगवा: आमची वाटचाल

पाण्यातून आणि उंच गवतातून पक्षी उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांचे केस सांभाळणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीला असं नव्हतं. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघांनी मिळून साधं ग्रूमिंग सुरू केलं तेव्हा जो येईल त्याचं कुत्रं घेत होतो. नखं, कान, आंघोळ, केस कापणं. हळूहळू शिकारीच्या कुत्र्यांचे मालक एकमेकांना सांगून आमच्याकडे यायला लागले आणि तक्रार सगळ्यांची एकच. गाडीची मागची सीट, गालिचा, पलंग, अंगावरचं जाकीट, जिकडे तिकडे केस. "काहीही करा, पण याची केसगळती थांबवा," हे इतक्यांकडून ऐकलं की बाकीची कामं कमी करून याच कामात उतरायचं आम्ही ठरवलं.

गळती थांबवणं कुणालाच शक्य नाही, हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. केस कधी आणि कुठे गळावेत, एवढं मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. महिनाभर घरभर पडायचे ते एका सकाळी आमच्या टेबलावर पडले, तर घरातलं निम्मं भांडण मिटतं.

लॅब्राडॉर टेबलावर उभा केला की आम्ही मालकाला जवळ बोलावतो आणि दोन्ही अंगठ्यांनी पाठीवरचे केस दुभंगून दाखवतो. वर राठ, चापून बसलेले केस. त्यांच्या खाली कातडीलगत फिक्या रंगाची दाट, मऊ लव. लव हवा धरून ठेवते आणि वरचे केस पाणी आत शिरू देत नाहीत. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर गारठणाऱ्या पाण्यात काम करायचे. ही लव नसती तर ते काम त्यांच्याच्यानं झालंच नसतं. चेसापीक बे रिट्रीव्हरची गत तीच. १८०७ साली मेरीलंडच्या किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजावरून वाचवलेल्या सेलर आणि कँटन या दोन पिल्लांशी ही जात जोडली जाते. तिचे केस इतके तेलकट असतात की पाण्यातून बाहेर येऊन एकदा जोरात अंग झटकलं की कुत्रं नुसतं ओलसर उरतं. एवढं डोळ्यांनी पाहिलं की मालकाचा केसांवरचा राग बराच ओसरतो.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग विश्रांती घेऊन गळतो. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरचे बरेचसे केस एका वेळी विश्रांतीच्या अवस्थेत असतात. पूडलचे बहुतेक केस वाढतच राहतात. मोसमी गळती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते, थंडी-उन्हाचा वाटा त्यामानानं कमी. दिवस मोठा होऊ लागला की हिवाळ्याची लव सुटते, लहान होऊ लागला की उन्हाळी केस जाऊन नवी लव येते. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या शरीराला हे ऋतू स्पष्ट कळत नाहीत, म्हणून ते वर्षभर थोडं थोडं गळत राहतं. "आमचा तर बाराही महिने गळतो," असं सांगणारे मालक मुळीच अतिशयोक्ती करत नसतात.

आमची कामाची पद्धत बरीच वर्षं बदलत गेली, पण क्रम आता पक्का आहे. आधी कोरड्या अंगावर रबरी ब्रश, गोल गोल. मग गुंते शोधून हातानं सोडवायचे, कारण गुंता ओला झाला की आवळतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. त्यानंतर कोमट पाण्याची आंघोळ, सौम्य शाम्पू, आणि शाम्पूचा अंशही राहणार नाही असं खळखळून धुणं. मग जोरदार हवेचा ड्रायर. खरं काम इथे होतं. नळीचं तोंड कातडीच्या जवळ, केसांच्या दिशेनं धरलं की केस फुलासारखे उघडतात, तळाशी कातडी दिसते आणि सुटलेली लव झोताबरोबर उडून भिंतीला जाऊन चिकटते. शेवटी लांब दातांचा रेक, मांड्यांच्या मागून, मानेवरून, शेपटीच्या मुळापासून. एकाच जागी सारखा ओढायचा नाही. कातडी लालसर दिसली की हात उचलायचा.

लव ओढून काढणारी पातीची हत्यारं आम्ही कामाच्या कुत्र्यांवर वापरत नाही. लव भराभर निघते हे खरं, पण जोर थोडा जास्त झाला की वरचे राठ केसही तुटतात, आणि पाणी अडवायचं काम त्यांचंच असतं. मशीननं सगळे केस कापायलाही आमचा ठाम नकार असतो. उन्हाळा आला की कुणीतरी म्हणतंच, "पूर्ण कापून टाका, बिचाऱ्याला उकडतंय." लव आणि वरचे केस मिळून ऊनही अडवतात. कापले की कातडी उघडी पडते, गळती थांबत नाही, फक्त आखूड केस गळतात, आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत किंवा यायला वर्षाच्या वर लागतं. यापायी आम्ही गिऱ्हाइकं गमावली आहेत आणि पुढेही गमावू. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी कापायला सांगितलं तर गोष्ट वेगळी.

एक बाब बाहेरच्या कुणाला सहसा माहीत नसते. लॅब्राडॉरचे आखूड, ताठ केस ग्रूमरच्या कातडीत सुईसारखे घुसतात, विशेषतः बोटांच्या बेचक्यात. वेळीच निघाले नाहीत तर तिथे गाठ होते, पिकते, कधी चीर द्यावी लागते. म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतो ते हेच: हातमोजे, नाकावर मास्क, आणि काम संपल्यावर भिंगाखाली बोटं तपासून चिमट्यानं केस काढणं. कुत्र्याला कसं धरायचं ते त्यानंतर.

शिकारीच्या कुत्र्यांनी आम्हाला केसगळतीपलीकडचंही बरंच शिकवलं. गवताची कुसळं दिसायला क्षुल्लक, पण त्यांच्यावरचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात, त्यामुळे कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. पंजाच्या बोटांमधून किंवा कानातून ते आत शिरलं की बाहेरून काहीच दिसत नाही, मग अचानक सूज येते, पू येतो. गोल्डनच्या पायांमागच्या आणि शेपटीच्या लांब झालरीत कुसळं आणि काटेरी बोंडं सगळ्यात जास्त अडकतात. शिकारीच्या हंगामाआधी आम्ही ती झालर थोडी छाटून देतो आणि तळव्याच्या गादीमधले केस गादीच्या पातळीला आणतो. रोज संध्याकाळी मालकानं करायचं ते इतकंच: साध्या पाण्यानं चिखल धुणं, कान आतून कोरडे करणं, बोटांच्या मधे, काखेत, कानामागे बोटं फिरवणं. दाट लव रात्रभर ओली राहिली की तिच्याखाली कातडी चिघळते, आणि तो लाल, ओला चट्टा काही तासांत हाताएवढा पसरू शकतो. हंगामात शाम्पू मात्र कमीत कमी. चेसापीकचं अंगचं तेल धुऊन टाकलं तर त्याच्या केसांचा गुणच जातो.

नेहमीची गळती आणि आजार यांतला फरक ओळखणं हाही आता आमच्या कामाचा भाग आहे. मोसमी गळतीत लव सगळीकडून विरळ होते, कातडी निरोगी असते. दोन्ही बाजूंना सारखे टक्कल पडलेले चट्टे, केस गेलेली शेपटी, सुस्ती, वाढतं वजन असं दिसलं तर थायरॉइडची शंका घ्यावी लागते. गोल्डनमध्ये हा आजार नेहमी आढळणाऱ्यांपैकी आहे. खाज, गोल चट्टे, पिसवा दिसल्या तरी आम्ही हत्यारं खाली ठेवतो आणि आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. व्यालेल्या कुत्रीची लव पिल्लं झाल्यावर काही आठवड्यांनी भरभरून जाते, त्याची मात्र काळजी करू नये.

आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते लोक पिल्लू घेण्याआधीच विचारायला येऊ लागले तेव्हा. "पाण्यात काम करील, पक्षी आणील, पण केस गळणार नाहीत असा कुठला?" या प्रश्नासाठी आम्ही वेगळा वेळ ठेवला, कारण चुकीचं कुत्रं घरी गेलं की त्रास कुत्र्यालाच होतो.

रिट्रीव्हर म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या जातींत सगळ्यात कमी गळणारा म्हणजे कर्ली कोटेड. घट्ट कुरळे केस, खाली लव जवळजवळ नाही. गळतो, पण लॅब्राडॉरच्या मानानं फार कमी, आणि रोज विंचरायचीही गरज नाही. उलट विंचरलं की कुरळेपणा फिसकटतो. फ्लॅट कोटेड आणि नोव्हा स्कोशियाचा टोलर यांना लव आहे, तेव्हा गळती आहेच. त्यापलीकडे जायचं तर पाण्यातल्या कामासाठीच पोसलेल्या कुरळ्या जाती: आयरिश वॉटर स्पॅनियल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बार्बे, इटलीतल्या पाणथळ भागातून आलेला लागोत्तो, आणि मोठा पूडल. पूडल नुसता शोभेचा असं समजणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो की तोही मूळचा पाण्यातून शिकार आणणाराच. छाती आणि सांध्यांवर केस ठेवून बाकीचे कापायची त्याची ती पद्धत पोहताना उपयोगी म्हणूनच सुरू झाली असं मानलं जातं.

पण या जातींचे सुटलेले केस जमिनीवर पडत नाहीत याचा अर्थ ते अंगावरच राहतात. कुरळ्या केसांत अडकून त्यांच्या जटा होतात, त्यात कुसळं गुंततात, ओल साचते. वरून ब्रश फिरवून कुत्रं छान दिसतं आणि कातडीजवळ नमदा तयार होत असतो. म्हणून कंगवा तळापर्यंत जातो की नाही, हीच एक कसोटी. केस साधारण दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात, आणि काटेरी झुडपांत काम असेल तर हंगामभर अगदी आखूड ठेवावे लागतात. झाडू मारायचा वेळ कंगव्यात जातो. ज्यांना हे जमणार नाही त्यांना आम्ही सरळ लॅब्राडॉर घ्यायला सांगतो.

संकरांबद्दल विचारणारे आता सर्वांत जास्त. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात वॉली कॉनरन यांनी हवाईतल्या एका अंध बाईंसाठी लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर केला, कारण त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. तेव्हापासून "लॅब्राडूडल गळत नाही" हे घराघरांत पोचलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की बहुतेक जातींच्या केसांमधला फरक तीन जनुकांनी ठरतो. त्यांतलं आरएसपीओ२ हे दाढी-मिशा-भुवयांचं जनुक, आणि त्याचा कमी गळण्याशी संबंध आहे. लॅब्राडॉर-पूडलच्या पहिल्या पिढीच्या दोन संकरांची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू दाढी-मिशीशिवाय निघतं, आणि ते बहुधा लॅब्राडॉरसारखंच गळतं. म्हणून आम्ही सांगतो, फोटोवर जाऊ नका. आईबाप दोघांना हात लावून पाहा, त्याच जोडीची आधीची मोठी झालेली पिल्लं पाहा, आणि ब्रीडरनं जनुक तपासणी केली असेल तर तिचा कागद मागा.

घरात ॲलर्जी असणाऱ्यांशी आम्ही जास्त वेळ बोलतो. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, कॅन एफ १ हे त्यांतलं मुख्य. केस नुसते वाहक. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात "ॲलर्जी न देणाऱ्या" म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलं नाही, उलट जास्त आढळलं. त्यामुळे कुठल्याही जातीची हमी आम्ही देत नाही. त्याच कुत्र्याबरोबर, शक्यतो त्याच्याच घरात, बराच वेळ घालवून बघा आणि डॉक्टरांशी बोला, एवढंच सांगतो.

सध्या ड्रायरची खोली वेगळी करायचं काम सुरू आहे, हवा गाळून बाहेर सोडणाऱ्या पंख्यासह. काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी ते फार आधीपासून मनात होतं. मालकांना घरी विंचरायला शिकवायचे वर्गही वाढवतोय. पहिल्यांदा येणार असाल तर कुत्र्याला मुद्दाम आंघोळ घालून किंवा विंचरून आणू नका. जसं रोज असतं तसंच आणा, आणि तुम्ही घरी वापरता तो ब्रशही बरोबर घ्या. बरेचदा तोच आधी बदलावा लागतो.