पेट्रोल टाकलं की गाडी रुसायची

आमच्या हॅचबॅकचं दुखणं चमत्कारिक होतं. एरवी सेल्फ मारला की लगेच उठणारी गाडी, टाकी भरली की मात्र पंपावरच अडून बसायची. मागची रांग हॉर्न मारतेय, सेल्फ नुसता फिरतोय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की खोकत, काळा धूर सोडत एकदाची सुरू व्हायची. मग पुढचं पेट्रोल टाकेपर्यंत काही तक्रार नाही.

सोसायटीत जो तो मेकॅनिक. कुणी म्हणे भेसळ, कुणी म्हणे ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. हल्ली कशाचंही खापर ई २० वरच फुटतं. एका गॅरेजवाल्यानं तर बॉनेटही न उघडता फ्युएल पंप बदलायला सांगितला. अहो, पंप गेला असता तर रोज सकाळी रडली नसती का? पेट्रोल टाकल्यावरच का, हे कुणीच विचारेना.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. गाडी चालू असताना ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाळतो. एरवी हा व्हॉल्व्ह बंदच हवा. तो उघडा अडकला, की पेट्रोल ओतताना ढवळून उठलेली वाफ सेल्फ मारताच थेट इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरते. मिश्रण इतकं दाट होतं की इंजिन पेटत नाही.

रविवारी स्कॅनर लावला. आयडलिंगला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचा आकडा) उणे २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ईसीएम पेट्रोल कमी करता करता मेटाकुटीला आलेला. व्हॉल्व्ह इनटेकला लागूनच असतो: काळा, दोन नळ्या, दोन पिनांचा कनेक्टर. कनेक्टर काढला, वीज नसली की व्हॉल्व्ह बंद राहायला हवा. इंजिन चालू ठेवून कॅनिस्टरकडची नळी हळूच पिळून काढली (पकडीनं ओढू नका, प्लास्टिकची तोटी मोडते) आणि तोटीवर बोट ठेवलं. बोट गपकन खेचलं गेलं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला. तसंच दाबून धरलं, तर ट्रिम शून्याकडे सरकायला लागला.

व्हॉल्व्ह काढून कागदावर आपटला तर कोळशाचा काळा चुरा पडला. इथंच बरेच जण फसतात: नुसता व्हॉल्व्ह बदलतात आणि कॅनिस्टरमधला चुरा नव्यालाही अडकवतो. मी दोन्ही बदलले, मधली नळी हवा मारून साफ केली. नोझल कट झाल्यावरही 'राउंड फिगर करू का?' म्हणत पेट्रोल कोंबलं, की ते कॅनिस्टरपर्यंत जातं आणि कोळशाची वाट लागते. आमचे बाबा या राउंड फिगरचे मोठे भक्त.

कनेक्टर काढून इंजिन चालवल्यामुळे लागलेला चेक इंजिनचा दिवा स्कॅनरनं घालवला. आता बॉनेट उघडलं की बारीक टकटक ऐकू येते. बाबा म्हणतात, टॅपेट वाजतंय, दाखवून घे. नवा व्हॉल्व्ह काम करतोय, हे त्यांना अजून पटलेलं नाही.