दोहामार्गे जर्मनी आणि स्वित्झर्लंड: नागपूरचा मोबाइल परदेशात वापरताना

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब नागपूरहून दोहामार्गे फ्रँकफर्टला गेलो आणि तेथून रेल्वेने फ्रायबुर्ग, बासेल करत ल्युसर्नला पोहोचलो. त्या प्रदेशाचे वर्णन पुष्कळांनी केलेले असल्याने येथे केवळ मोबाइलविषयी लिहितो. निघण्यापूर्वी धरमपेठेपासून इतवारीपर्यंतच्या आप्तांनी ‘इथले सिम काढून घरीच ठेवा’ असा सल्ला दिला होता. तो मला पटला नाही आणि प्रवासानंतर तर मुळीच पटत नाही.

परदेशात भारतीय सिमचे खरे काम बोलणे किंवा इंटरनेट हे नसून आपली ओळख पटवणे हे आहे. कार्डाने रेल्वेचे तिकीट काढताना बँकेचा ओटीपी बहुधा त्याच क्रमांकावर येतो, आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. यूपीआय अ‍ॅप तर फोनमधील सिमशीच बांधलेले असते. सिम बदलल्याचे लक्षात येताच ते पुन्हा पडताळणी मागते, ती त्याच सिमवरून एसएमएस पाठवून करावी लागते आणि जाणाऱ्या एसएमएसला मात्र रोमिंगचा दर लागतो. म्हणून सिम फोनमध्येच असावे, आंतरराष्ट्रीय रोमिंग नागपुरातूनच सुरू करून घ्यावे आणि ‘डेटा रोमिंग’ तेवढे बंद ठेवावे. कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहारही निघण्यापूर्वीच बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावेत. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ पासून यूपीआय चालते, पण त्यावरून साऱ्या युरोपाचा अंदाज बांधू नये. आम्ही सर्वत्र कार्ड आणि रोकड यांवरच भागवले.

इंटरनेटसाठी मी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घेता येणारे सिम, घेतले होते. ते घरच्या वाय-फायवर फोनमध्ये उतरवून ठेवावे आणि विमान उतरल्यावर सुरू करावे, म्हणजे विमानतळावर दुकान शोधत फिरावे लागत नाही. अशा ई-सिमला बहुधा स्वतःचा फोन क्रमांक नसतो, केवळ डेटा मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप मात्र जुन्याच क्रमांकावर चालू राहते आणि त्याने क्रमांक बदलायचा का असे विचारल्यास नकार द्यावा. आणखी एक बारीक खटका आहे: ई-सिमची रेंज गेली की दुसऱ्या सिमवरून डेटा घेण्याची मुभा देणारा पर्याय काही फोनमध्ये असतो, तो आवर्जून बंद करावा.

सासऱ्यांसाठी मात्र मी भारतीय कंपनीचाच रोमिंग पॅक घेतला. पॅक महाग पडला, तरी त्यांच्या फोनमध्ये काहीही बदलावे लागले नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मला हे जास्तीचे पैसे वाजवी वाटतात. रोमिंगचा डेटा साधारणपणे आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, त्यामुळे फ्रायबुर्गच्या चौकात बसूनही त्यांना इंटरनेट भारतातल्यासारखेच दिसत होते.

स्वित्झर्लंडबाबत विशेष सावध राहावे. युरोपीय संघात २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा दराशिवाय वापरता येते. स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही, त्यामुळे जर्मनीत घेतलेले सिम तेथे चालेलच असे नाही. ‘युरोप’ एवढ्या नावावर न जाता पॅकमधील देशांची यादी वाचावी. बासेलचे बादिशर बानहोफ हे स्थानक स्विस भूमीवर असले तरी जर्मन रेल्वेचे आहे. त्या परिसरात फोन कधी या देशाचा, कधी त्या देशाचा टॉवर पकडतो आणि स्वागताचे संदेश लागोपाठ येतात. पॅकमध्ये एकच देश असेल, तर सीमेजवळ नेटवर्क स्वतः निवडून द्यावे.

उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. नागपुरात सकाळी आठ वाजता कोणी कर्ज देऊ करणारा फोन केला, तर तो आपल्याला पहाटे साडेचारला उठवतो, आणि उचलल्यास येणाऱ्या कॉलचेही रोमिंगप्रमाणे पैसे लागतात. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलावे असे बजावून ठेवावे. निघण्यापूर्वी ##००२# डायल करून कॉल दुसरीकडे वळवण्याच्या सर्व सूचना रद्द कराव्यात, कारण परदेशात न उचललेला कॉल तसा वळला तर त्याचाही आकार लागू शकतो. नागपूरहून शारजामार्गे जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जातात, पण त्यावरून बोलण्यावर निर्बंध आहेत.

विमानात फ्लाइट मोड चालूच ठेवावा. काही विमानांत स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते, त्याचे दर जमिनीवरील रोमिंगपेक्षा पुष्कळ अधिक असतात आणि सर्वच पॅकमध्ये ते धरलेले नसते. पोस्टपेड ग्राहकांनी परतल्यानंतरचे पुढचे बिलही तपासावे, कारण परदेशी कंपन्यांकडून येणाऱ्या नोंदी कधीकधी उशिरा पोहोचतात.