गरम झाली की उठेना

आमची गाडी २००६ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं वाढवून घेतली. इंजिन अजून ठणठणीत, त्यामुळे गाडी विकायची नाही हे घरात पक्कं होतं. पण पावसाळा सरला आणि तिनं खोड धरली. सकाळी माहीमहून निघताना पहिल्या सेल्फला उठायची. दादरला भाजी घेऊन परत यावं, तर किल्ली फिरवल्यावर एकच 'टक्', पुढे काही नाही. अर्धा तास थांबलं की पुन्हा बिनतक्रार सुरू. आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं असलं की मला आदल्या रात्रीपासून धाकधूक असायची.

बॅटरी जुनी होती, ती बदलली. फरक नाही. गॅरेजमध्ये सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करायला फिरवणारी मोटर, उतरवून तिचे कार्बन ब्रश नवे घातले. तरी तेच. गॅरेजमध्ये ती कधी अडूनच बसायची नाही, आणि बिघाड समोर नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे नुसता अंदाज असतो.

म्हणून मी डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली. अडली की लिहायचं: इंजिन गरम की गार, आवाज कसा, दिवे कसे. थोड्याच नोंदींत चित्र स्पष्ट झालं. दर वेळी इंजिन गरम, दर वेळी एकच 'टक्', आणि हेडलाइट लख्ख. बॅटरी उतरलेली असती तर 'टकटकटक' असा आवाज आला असता आणि दिवे मंदावले असते. सेल्फ फिरून इंजिन पेटलं नसतं, तर पेट्रोल, स्पार्क किंवा गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फिरण्यावर नजर ठेवणारा) बघावा लागला असता. इथे सेल्फ फिरतच नव्हता. म्हणजे शोध सेल्फ आणि त्याच्या तारांपुरताच उरला.

लालबागच्या एका वायरमन काकांना फोनवर वही वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "ताई, क्लचची केबल कधी बदललीत?"

"मागच्याच महिन्यात. आतून जळल्यासारखी काळी पडली होती."

"मग इंजिनाचं अर्थिंग बघा. ती केबल उगाच नाही जळली."

हा धागा मला कधीच जोडता आला नसता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडायला तांब्याच्या तारांची वेगळी पट्टी लागते. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह आधी बॉडीला, मग या पट्टीनं इंजिनाला. सेल्फ शंभरच्या आसपास अँपिअर ओढतो आणि तेवढा प्रवाह या पट्टीतूनच परत जायचा असतो. पट्टी कुजली की प्रवाह मिळेल ती वाट धरतो, क्लचच्या केबलमधली लोखंडी तारसुद्धा. हेडलाइटचं अर्थिंग थेट बॉडीला, म्हणून ते लख्ख.

आता पुरावा हवा होता. लॅमिंग्टन रोडवरून साधा मल्टिमीटर आणला आणि गाडी अडायची वाट बघत राहिले. एका रविवारी दुपारी शिवाजी पार्कजवळ ती अडली. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली. हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. दादानं किल्ली फिरवली. वाटेत अडथळा नसता तर तिथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा होता; आला पाचच्या वर. मग जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या लोखंडी हुकाला लावलं. किल्ली फिरवताच गाडी उठली. मला रस्त्यातच रडू आलं.

पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला होती. वरून धड दिसत होती, पण काकांनी तिचं आवरण कापलं तर आतून हिरवी भुकटी सांडली. खारी हवा आणि पावसाळ्यातलं साचलेलं पाणी, दोन्हींनी आपलं काम केलं होतं. गरम झाल्यावरच का अडायची, तर तापल्यावर अशा कुजक्या जोडाचा रोध आणखी वाढतो आणि उरलासुरला प्रवाहही अडतो. काकांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, दोन्ही बोल्टांखालचा गंज आणि रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नवी पट्टी कसली आणि वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.१.

माहीम, वरळी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागात जुनी गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर बॅटरी किंवा सेल्फवर खर्च करण्याआधी हे एवढं मोजमाप नक्की घ्या. गाडी अडलेली असतानाच घ्या. सुरळीत चालताना घेतलं तर आकडा बरोबरच दिसू शकतो.