हिशेबाचं कपाट आणि नवा राउटर

आमचं गिरगावातलं घर आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक आहे: गॅलरी, बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. मधल्या भिंती दीड-दीड फूट जाड. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मी सात हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. गिरगावात दोन, बाकीच्या पार मुलुंडपर्यंत पसरलेल्या, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस बाहेरच जातात.

तीन वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर बाहेरूनही उघडता यावा म्हणून तो बसवून देणाऱ्याने राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडून दिला होता. दुसरीकडे बसून आपला कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या सोयीचा, रिमोट डेस्कटॉपचा, हा नेहमीचा पोर्ट. सोय झाली म्हणून मी खूश होते. यंदा मे महिन्यात, ऑडिटच्या धावपळीत कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला, म्हणून विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडून पाहिली. ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच्या रांग होती. म्हणजे चुकीच्या पासवर्डने आत शिरायचे प्रयत्न. रात्री दोन वाजता, तीन वाजता, दर काही सेकंदांनी. कधी ‘ॲडमिन’ नावाने, कधी ‘टेस्ट’. माझ्या पोटात गोळा आला. त्या कॉम्प्युटरवर शेकडो सभासदांचे फोन नंबर, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती, सोसायट्यांची बँक स्टेटमेंट्स आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली. मी त्याच क्षणी पोर्ट बंद केला.

मग बाहेरून काम कसं करायचं? चौकशी केली की सगळे व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या कुलूपबंद वाटेच्या, जाहिराती दाखवायचे. पण पैसे भरून मिळणारं ते व्हीपीएन तुमची वाहतूक त्या कंपनीच्या मशीनपर्यंत नेतं आणि तिथून जगात सोडतं. त्यात माझ्या घराचा कुठे संबंधच येत नाही. (शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यावरून काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले.) मला हवी होती माझ्याच घरात येणारी वाट, जिची किल्ली फक्त माझ्याकडे असेल. त्यासाठी व्हीपीएन सर्व्हर घरच्याच राउटरवर हवा. जुन्या राउटरला ते झेपणारं नव्हतं आणि त्याला कित्येक वर्षांत अपडेटही आलं नव्हतं.

ऑपेरा हाउसवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेले. “मॅडम, सहा अँटेनावाला घ्या, भिंतबिंत काही अडवणार नाही,” दुकानदार म्हणाला. हे मला पटलं नाही. राउटरने किती जोरात बोलायचं याला नियमाने मर्यादा आहे, आणि फोनचा क्षीण आवाजही भिंतीतून राउटरपर्यंत परत पोहोचावा लागतो. मी तीनच गोष्टी विचारल्या. केबल खोचायचे सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का? स्वस्त मॉडेलमध्ये १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात, मग वरचा प्लॅन घेऊन उपयोग काय! वायरगार्ड (व्हीपीएनचाच एक प्रकार) सर्व्हर आहे का? कंपनी अपडेट देते का? चार अँटेनांचा, वाय-फाय ६ चा राउटर चार हजारांच्या आत मिळाला.

भिंतींवरचा उपाय केबल हाच. दरवाजाच्या चौकटीवरून कॅट-६ केबल आत नेली आणि कॉम्प्युटर थेट जोडला. आमच्या चाळीत फोनवर वीस-बावीस वाय-फायची नावं दिसतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गर्दी होणारच. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण दीड फुटी भिंत ओलांडताना त्याचा जीव जातो.

त्याच सुमारास चाळीत फायबर आल्यामुळे मी कनेक्शनही बदललं होतं, आणि खरी अडचण तिथे निघाली. फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला (म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो, बाकी काम माझा राउटर करतो), वायरगार्ड लावलं, तरी बाहेरून काही लागेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी राउटरच्या सेटिंगच्या पानावर इंटरनेटचा पत्ता पाहिला, तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपनीच्या आतल्या वापराचा. एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली हाक आमच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही हे करणार असाल तर आधी हे पाहा, मग राउटर घ्या. मी वर्षाचे वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आमच्या घराचा, न बदलणारा पत्ता, घेतला.

त्यानंतर अर्ध्या तासात काम झालं. वायरगार्डमध्ये पासवर्ड नसतो, प्रत्येक उपकरणाची किल्लीची जोडी असते. मला सगळ्यात आवडलं ते हे, की ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला इथे दार आहे हेही कळत नाही. आणखी एक केलं: घरातले पत्ते १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.७७ वर नेले. सोसायट्यांच्या ऑफिसातही बहुधा १९२.१६८.१ च असतं, आणि दोन्हीकडे सारखे पत्ते आले की फोन घरचा कॉम्प्युटर तिथल्याच नेटवर्कवर शोधत बसतो. बाहेरून मिळणारा वेग मात्र घरच्या अपलोडइतकाच, हे प्लॅन घेताना बघा.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलुंडच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. सिंकिंग फंडाच्या आकड्यावरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, “ताई, गेल्या वर्षीची ठेव पावती दाखवा, मग मंजूर.” पूर्वी मी ‘उद्या पाठवते’ म्हटलं असतं. या वेळी फोनवर वायरगार्ड चालू केलं, घरचा कॉम्प्युटर उघडला आणि पावती त्यांच्या समोर धरली. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि खाली बसले.