छोट्या बोर्डावर सोळा कोअर

माझ्या दुकानात कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक प्रोसेसर आधीच विकत घेऊन आलं होतं. रायझन ९ ९९५०एक्स, १६ कोअर (एकाच चिपवर सोळा प्रोसेसर म्हणा), खोक्याचं सीलही तोडलेलं नव्हतं. ड्रोननं सर्व्हे करणारा तरुण इंजिनिअर. कृष्णाकाठची पूररेषा, उसाची शिवारं, असे नकाशे तो करतो. शेकडो फोटो जोडून नकाशा काढायचं काम त्याला साइटवरच, गाडीतल्या इन्व्हर्टरवर उरकायचं असतं, त्यामुळं मशीन ड्रोनच्या पेटीशेजारी मावायला हवं. मदरबोर्डही त्यानं मोबाईलवर शोधून ठेवला होता. "दादा, हाच घालूया की. सॉकेट तेच आहे आणि सगळ्यात स्वस्तही हाच पडतोय."

सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची खाच, तेच होतं, एएम५. पण सॉकेट जुळलं म्हणजे मशीन सुरू होईल एवढीच खात्री. सांगलीच्या मे महिन्यात, बंद डब्यात, दोन-तीन तास सगळे कोअर पूर्ण ताकदीनं पळतील का, हे सॉकेट सांगत नाही.

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा, म्हणजे वीतभरही नाही. ९९५०एक्सवर १७० वॅट छापलेलं असतं, पण प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनं ठरवून दिलेली एएम५ सॉकेटची मर्यादा २३० वॅट आहे आणि पूर्ण लोडला तो छापलेल्या आकड्याच्या वर जातो. व्होल्टेज जेमतेम एक-सव्वा व्होल्ट, त्यामुळं करंट प्रचंड. सलग चालताना १६० अँपिअरपर्यंतची मुभा आहे. मळ्यातली ५ एचपीची थ्री-फेज मोटर सात-आठ अँपिअर घेते, हे त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची ओढून नीट बसला.

हा सगळा करंट सॉकेटशेजारच्या व्हीआरएममधून, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातून जातो. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट तिथं खाली उतरतात आणि उतरताना थोडी वीज उष्णता होऊन जाते. खोक्यावर ८+२+१ असं काही लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा कोअरसाठीच्या फेजचा, म्हणजे करंट वाटून घेणाऱ्या वाटांचा. मी आधी तो बघतो, मग त्यावरचा हीटसिंक, उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, हातात घेऊन बघतो. चकचकीत पत्र्याखाली खरंच ॲल्युमिनियमचा गठ्ठा आहे की नुसतं झाकण, ते लगेच कळतं. चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचं नाव माझ्या लेखी त्यानंतर येतं. बी६५० आणि बी६५०ई यांतला मुख्य फरक ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला पीसीआयई ५.० ही जास्त वेगाची जोडणी मिळतं की नाही, एवढाच. याच्या कामाला त्यानं काही अडत नव्हतं.

दुकानात दोन छोटे बोर्ड होते: त्यानं निवडलेला, आणि दुसरा जास्त फेजचा, जड हीटसिंकचा. मी म्हटलं, दोन्ही लावून बघू, मग ठरवा. दोन्ही ९००० मालिका (९९५०एक्स त्यातलाच) येण्याआधीच्या मालातले, म्हणून प्रोसेसर बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून, फ्लॅशबॅकचं बटण दाबून बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, नवं केलं. हे एलजीए सॉकेट, त्याच्या नाजूक पिना प्रोसेसरला नव्हे तर बोर्डावर असतात, त्यामुळं सॉकेटचं झाकण उघडलं की त्यावर कचरा उडू नये म्हणून मी दुकानातला पंखाही बंद करतो.

पहिल्यांदा सुरू केलं आणि स्क्रीन काळीच. बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा पेटून राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. "ओ दादा, गेलं का काय?" त्याचा हात बटणाकडं निघाला होता, तो मी धरला. डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी बोर्डाशी आपली जुळणी करून घेते, मोठ्या रॅमला काही मिनिटं लागतात. मध्येच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दिवा विझला आणि बायोस दिसलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याचाच जुना प्रोजेक्ट लोड म्हणून चालवला. उघड्या टेबलावर स्वस्त बोर्डही नीट चालला. मग डब्यात घातला, वॉटर कूलर लावला, झाकण बंद केलं. थोडा वेळ सगळं ठीक होतं, आणि एकदम क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, धाडकन खाली आला, परत वर गेला, परत खाली. प्रोसेसरचं तापमान मात्र ९५ अंशांच्या मर्यादेच्या बरंच खाली. तो म्हणाला, "थंड आहे की, मग का अडखळतंय?" मी व्हीआरएमचा आकडा दाखवला. शंभरी ओलांडली होती. वॉटर कूलर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेतो, पण सॉकेटभोवती जी हवा साध्या कूलरच्या पंख्यानं फिरते, ती फिरतच नाही. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा गळा दाबत होता.

दुसरा बोर्ड त्याच डब्यात अडखळला नाही. तरी मी वॉटर कूलर काढून खाली हवा फेकणारा कूलर बसवला आणि बायोसमध्ये १०५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय, लावला. मग सॉकेटची मर्यादा १४२ वॅट होते. त्याच प्रोजेक्टला वेळ थोडाच वाढला, पण व्हीआरएम निवांत राहिला, आणि गाडीतल्या इन्व्हर्टरवरचा भारही उतरला. एवढा महागडा प्रोसेसर दाबून चालवायचा, हे त्याला आधी पटेना. दोन्ही वेळा शेजारी लिहून दाखवल्यावर पटलं.

मोठा बोर्ड घेऊन चार रॅम लावू का, हेही त्यानं विचारलं. आयटीएक्सला स्लॉट दोनच, पण ४८ जीबीच्या दोन पट्ट्या लावून ९६ जीबी होतात. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५चा अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० वर येतो. त्याच्या प्रोजेक्टला ९६ पुरत होते, तिथं तो विषय मिटला. या बोर्डाचा दुसरा एसएसडी पाठीमागं बसतो, बदलायचा तर सगळा बोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तो मी सुरुवातीलाच मोठा घ्यायला लावला.

बोर्डाला त्यानं ठरवल्यापेक्षा जास्त पैसे गेले. ते वॉटर कूलरच्या वाचलेल्या पैशातून बरेचसे भरून निघाले. जाताना डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवून दिली: बायोस अपडेट केलं की इको मोड निघून जातो, पुन्हा १०५ लावणे.