चवथ, दंड आणि लेकीची शाळा

'चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पोरांना घेऊन ये' असे फोन गोव्यातल्या गावाहून आम्हांला इंग्लंडात सुरू झालेत, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. २०२६ची चवथ १४ सप्टेंबरला आहे आणि इंग्लंडमधल्या शाळा त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. सणाच्या दिवशी धार्मिक कारणासाठी रजा मिळते, पण गावी जाऊन माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) उतरेपर्यंत राहायचं म्हटलं की ती विनापरवाना गैरहजेरी. दहा शालेय आठवड्यांत असे पाच दिवस भरले की दंड लागू शकतो. ऑगस्ट २०२४पासून तो ८० पाउंड झालाय, तोही दर मुलामागे, आईला वेगळा आणि बापाला वेगळा. २१ दिवसांत भरला नाही तर १६०. विमानाची तिकिटं काढणारा माणूस हे पैसेही भरेल. पण आजीच्या घरी गणपतीला गेल्याबद्दल सरकारी नोटीस यावी, हे मनाला फार लागतं.

जास्त लागतं ते अशासाठी, की हीच शाळा माझ्या लेकीचं मन जेवढं जपते तेवढं मी आपल्याकडे कुठल्याच शाळेत पाहिलेलं नाही.

गोव्यातल्या डिचोलीहून इंग्लंडातल्या स्विंडनला आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. वर्गात तोंड उघडायची नाही. वर्गाच्या दाराशी एक तक्ता आहे, 'झोन्स ऑफ रेग्युलेशन'चा. हिरवा म्हणजे मन शांत, पिवळा म्हणजे चुळबुळ किंवा चिडचिड, लाल म्हणजे राग नाहीतर भीती अनावर, निळा म्हणजे उदास, दमलेलं. सकाळी आत शिरताना प्रत्येक मूल आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा हव्या त्या रंगावर लावतं. आमची रोज निळ्यावर लावायची आणि जागेवर जाऊन बसायची. बाईंनी चारचौघांत तिला काही विचारलं नाही. थोडे दिवस पाहिलं आणि आम्हां दोघांना बोलावून घेतलं. अभ्यासाबद्दल चकार शब्द नाही. आठवड्यातून अर्धा तास ती शाळेच्या 'एल्सा'बरोबर बसेल, चालेल का, एवढंच विचारलं.

एल्सा म्हणजे डॉक्टर नव्हे. शाळेतलीच मदतनीस. मुलांच्या भावना कशा समजून घ्यायच्या याचं प्रशिक्षण तिला शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ देतात, आणि पुढेही ठरावीक दिवशी तिला त्यांच्याशी बोलून सल्ला घेता येतो. ही पद्धत साउदॅम्प्टनमध्ये सुरू झाली. खोली आपल्या देवघराएवढी. वाळूचा ट्रे, माती, चेहऱ्यांची चित्रं. तिथे लेकीने मातीची माणसं करून जेवायच्या पंगतीसारखी ओळीने बसवली: आजी, आबा, काका, काकी, दोन चुलत भाऊ. एल्साने विचारलं, यांतल्या कुणाशी रोज बोलावंसं वाटतं? तिने आजीवर बोट ठेवलं. तेव्हापासून शाळेतून आल्यावर साडेतीनला फोन. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजतात, माझ्या आईचं जेवण व्हायचं असतं. काही आठवड्यांनी चिमटा हिरव्यावर दिसू लागला.

आता तिकडचे म्हणतील, आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं? घर माणसांनी भरलेलं, शेजारी हक्काने रागावणारे. खरं आहे. माझ्या एकशिक्षकी सरकारी मराठी शाळेत बाईंना कोण उपाशी आलंय ते चेहऱ्यावरून कळायचं. पण ते बाईंच्या स्वभावावर चालायचं. त्यांची बदली झाली की ते थांबलं. वर्गात एक मुलगा होता, रोज बापाचा मार खाऊन यायचा. सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला जवळ बसवून विचारणं हे कुणाचं कामच नव्हतं. इथे ते नेमून दिलेलं काम आहे.

आणि इंग्लंडकडून सगळंच शिकायचं असंही नाही. गोव्याच्या २००३च्या बाल कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी घातली, म्हणजे देशाचा शिक्षण हक्क कायदा यायच्या कितीतरी आधी. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' म्हणून आईबापांना मुलांवर हात उगारायची मुभा कायद्यात अजून उरलीय. इथल्या सरकारी पाहणीत ५ ते १६ वयोगटात मानसिक आजाराची शक्यता असलेली मुलं २०१७ साली नवांत एक होती, ती २०२० साली सहांत एक झाली. आजार खरोखर बळावला तर तज्ज्ञाकडे नंबर लागायला महिनेच्या महिने जातात. डॉक्टर नसलेल्या माणसाला नीट शिकवून, मागे तज्ज्ञ उभा करून नैराश्यावर उपचार करता येतात, हे तर आपल्याच गोव्यात १९९६पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या मानसिक आरोग्य संस्थेच्या लोकांनी दाखवलं. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतला तो अभ्यास २०१०मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एल्सामागचा विचार याहून वेगळा नाही. मग आपल्याकडे समुपदेशक हायस्कूलपासून पुढेच का भेटावा? दुसरीतल्या पोराला मन नसतं का?

पैशासाठी पोरांना आजीपासून तोडलं, असं म्हणणारेही आहेत. लेकीचं रडू इथे वेळेवर कुणीतरी ओळखलं, हे मी त्यांना ठामपणे सांगतो.

गावातल्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात माझे वर्गमित्र आहेत, ते हे वाचतील. पुढच्या सभेत पंखे आणि छप्पर झालं की एवढा एक विषय घ्या: चार वर्गांच्या शाळेत एका बाईंना किंवा मदतनीसाला हे शिकून घ्यायला पाठवता येईल का, आणि आठवड्यातला अर्धा तास त्यासाठी राखून ठेवता येईल का. प्रशिक्षणाच्या खर्चात माझा वाटा धरा.